डोंगर पाहायचा की चढायचा?

पावसाचा जोर ओसरला, की आमच्या सातारा-सांगली भागात सहलींचा हंगाम सुरू होतो. कासच्या फुलांसाठी यवतेश्वरच्या घाटात मोटारींची रांग लागते. ठोसेघरला धबधब्यापेक्षा भाजलेल्या कणसांभोवतीच गर्दी अधिक दिसते. सोमवारी सकाळी कराडच्या माझ्या दवाखान्यातही या हंगामाची वर्दी येते. कोणाची कंबर धरलेली, कोणाचा घोटा मुरगळलेला, तर कोणाला उघड्यावरच्या भज्यांनी जुलाब. "डॉक्टर, ट्रिप मात्र झकास झाली," हे सांगायला कोणी विसरत नाही. "चाललात किती?" असे मी विचारतो. उत्तर ठरलेले असते, "चालायचं कशाला? गाडी अगदी जवळ जाते की!"

वाचकहो, माझे म्हणणे नेमके याच उत्तराबद्दल आहे. आपल्याला देवाने दाराशी डोंगर दिले, आणि आपण ते मोटारीच्या काचेतून पाहून परत येतो.

डोंगर आणि औषध यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर वसले ते मुळात हवा खाण्याचे आरोग्यस्थान म्हणून. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले. क्षयावर तेव्हा गुणकारी औषधच नव्हते. स्वच्छ हवा, चांगला आहार आणि संपूर्ण विश्रांती एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढे आणखी औषधे आली, आणि हवापालटाची चिठ्ठी लिहून देण्याचे दिवस संपले.

रोग बदलला, पण आपली सवय बदलली नाही. डोंगरावर जायचे म्हणजे वर जाऊन बसायचे, खायचे आणि हवा खाऊन उतरायचे, हा त्या काळचा विचार आपण अजून धरून बसलो आहोत. आज माझ्या बाकावर बसलेल्यांत मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले वजन हेच मुख्य. या मंडळींना डोंगरावरची विश्रांती नको, डोंगराची चढण हवी.

चढण काय करते? मांडीचे आणि पोटरीचे स्नायू शरीरातले मोठे स्नायू. ते काम करू लागले, की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. हृदयाला कमी वेळात भरपूर काम मिळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. आठवड्यातून दोन वेळा जवळचा डोंगर चढला-उतरला आणि उरलेले दिवस गावातच थोडे चाललो, तरी हा हिशेब सहज जुळतो.

त्यासाठी दूर जायला नको. सातारकरांना अजिंक्यतारा आहे. आम्हा कराडकरांना सदाशिवगड आणि आगाशिव. मिरजेकडच्यांना दंडोबा. देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरचे अभयारण्य आहे, आणि ते जंगल तर माणसांनी झाडे लावून उभे केलेले आहे. यवतेश्वरच्या ज्या घाटात आपल्या मोटारी धापा टाकतात, त्याच घाटात २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि बाहेरगावची माणसे तिथे मुद्दाम पळायला येतात.

काही जण म्हणतात, "आमचा व्यायाम रानात होतोच." पूर्वी होत असे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि रानात जायला मोटारसायकल असते. घरच्या बायकांची गोष्ट तर निराळीच. सहलीच्या दिवशी त्या पहाटे उठून डबे भरतात, वर गेल्यावर वाढतात, आणि बाकीचे फिरून येईपर्यंत पिशव्या राखत बसतात. वहिनींचे गुडघे दुखतात ते चालून नव्हे, बहुतेक वेळा न चालल्याने.

आता दुसरी बाजू. वर्षभर जिनाही न चढणारा माणूस एके दिवशी उठतो आणि मित्रांच्या भरीला पडून अवघड गड गाठतो. माझ्या माहितीतले पन्नाशीचे एक दुकानदार, दहा वर्षांचा मधुमेह, असेच वासोट्याला गेले. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा आणि मग दाट जंगलातून उभी चढण. निम्म्यावर छाती जड झाली, घाम फुटला. पित्त असेल म्हणून सोडा प्याले आणि पुन्हा चढू लागले. शेवटी खाली आणले, पुन्हा लाँच, पुन्हा घाट. इस्पितळात पोहोचेपर्यंत कित्येक तास गेले होते. वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. मधुमेह्यांना हृदयविकाराची कळ कित्येकदा जाणवतही नाही. फक्त दम लागतो, मळमळते. असे झाले, की चढण तिथेच थांबवावी.

म्हणून माझा आग्रह आहे, की मोठा गड वर्षातून एकदा चढायचा असेल, तर गावाजवळचा डोंगर वर्षभर चढा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा विडी-सिगारेट असलेल्यांनी, आधी तपासून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. कड्याखाली धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये. आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते. साप चावला तर आवळून बांधू नये, चिरू नये. तो भाग न हलवता रुग्णाला तडक इस्पितळात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते, पण ती वेळेत मिळाली तर.

इथे सरकारचेही काम येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात आहे, ही मोठी सोय आहे. पण कोयना-चांदोलीच्या जंगलात अनेक ठिकाणी फोनच लागत नाही. जिथे तिकीट फाडले जाते, तिथे सर्पदंशाची लस असलेले जवळचे इस्पितळ कोणते, तिथला फोन कोणता आणि रस्ता कोणता, याची ठळक पाटी हवी. त्याला फार खर्च येत नाही. आणि गडावर गाडी नेणारा रस्ता रुंद करण्याआधी पायवाटेच्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात. रस्त्याने पर्यटक वाढतील, पायवाटेने गावाचे आरोग्य वाढेल.

तेव्हा येत्या रविवारी गाडी पायथ्याशीच लावा. घरच्या बाईमाणसांनाही बरोबर घ्या आणि पिशवी तुम्ही उचला. पहिल्या दिवशी निम्म्यावरून परत आलात तरी हरकत नाही. डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असतो. आपण तिथे असावे, यासाठीच हे सारे.