विश्लेषण : गणिताच्या पदवीची प्रवेश परीक्षा जेईईच्या तयारीवर का निघत नाही?

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (आयएसआय) पदवी प्रवेशाच्या वर्णनात्मक पेपरात अलीकडच्या वर्षांत ८ प्रश्न असतात आणि वेळ २ तास. म्हणजे एका प्रश्नाला १५ मिनिटे. अभ्यासक्रम दोन्हीकडे बहुतांशी अकरावी-बारावीचाच. तरीही सीईटी, जेईईत उत्तम गुण मिळवणारी अनेक मुले या दुसऱ्या पेपरापुढे अडखळतात. हा हुशारीचा प्रश्न नाही. दोन वर्षे त्यांच्याकडून जी सवय करून घेतली जाते, ती इथे उपयोगी पडत नाही.

या परीक्षा कोणत्या?

गणिताची पदवी घ्यायची असेल तर देशात दोन संस्थांची नावे आधी घेतली जातात. पहिली आयएसआय. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये ती स्थापन केली. तिचा बी.स्टॅट. अभ्यासक्रम कोलकात्यात, तर बी.मॅथ. बंगळूरुमध्ये चालतो. दुसरी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय). गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत गणित आणि संगणकशास्त्राची एकत्रित बी.एस्सी. करता येते. दोन्ही संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात. पर्यायांचे प्रश्न आणि सविस्तर लिहायचे प्रश्न असे दोन्ही प्रकार त्यात असतात. सीएमआयमध्ये पहिला भाग चाळणीचा असतो. त्यात पुरेसे गुण मिळाले, तरच दुसरा भाग तपासला जातो.

गुणांकन काय सांगते?

जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १ आणि कोऱ्या प्रश्नाला शून्य. आयएसआयच्या पर्यायी पेपरात बरोबर उत्तराला ४, चुकीच्या उत्तराला शून्य आणि कोऱ्या प्रश्नाला १ गुण, अशी पद्धत राहिली आहे. ‘येत नाही’ हे प्रामाणिकपणे मान्य केल्याबद्दल एक गुण!

यामागे साधा हिशेब आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरी एक गुण मिळतो. प्रश्न कोरा ठेवला तरी एकच गुण. म्हणजे अंदाजपंचे उत्तर देण्यात काही फायदा उरत नाही. पेपर काढणाऱ्यांना काय तपासायचे आहे, ते इथेच कळते.

पॅटर्न दिसला म्हणजे उत्तर आले?

एक उदाहरण पाहू. १ पासून कोणतीही संख्या घ्या. तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३. सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत हेच होत राहते. घड्याळाकडे बघत दोन-तीन किमती टाकून पर्याय निवडणारा विद्यार्थी ‘नेहमी मूळ संख्याच मिळते’ यावर खूण करून पुढे जाईल. पण ४० घेतले की १६८१ मिळतात, आणि ते म्हणजे ४१ चा वर्ग. ३९ वेळा खरे ठरलेले विधान ४० व्या वेळी कोसळते.

आता दुसरे विधान : कोणत्याही चार सलग नैसर्गिक संख्यांच्या गुणाकारात १ मिळवल्यास पूर्ण वर्ग मिळतो. १ ते ४ घेतल्यास २५, २ ते ५ घेतल्यास १२१, ३ ते ६ घेतल्यास ३६१. हे विधानही पुढे कुठेतरी कोसळेल का? पहिली आणि चौथी संख्या गुणा, मग दुसरी आणि तिसरी गुणा. दुसरा गुणाकार पहिल्यापेक्षा नेहमी २ ने मोठा असतो. पहिला गुणाकार ‘क’ मानला, तर क × (क + २) + १ म्हणजेच (क + १) चा वर्ग. विषय संपला. आता लाखभर उदाहरणे तपासायची गरज नाही.

या दोन विधानांतला फरक ओळखणे आणि तो कागदावर मांडणे, हीच या परीक्षांची खरी मागणी आहे.

ही सवय हरवते कुठे?

गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांना ही सवय शाळेत लागलेली असते. नववी-दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असे रकाने आखून प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहिलेले कोणाला आठवत नाही? अकरावीत क्लास सुरू झाला की ती वही माळ्यावर जाते. ‘सिद्धता नको, शॉर्टकट सांगा’ ही मागणी मुलांची असते, पालकांची असते, आणि क्लास ती पुरवतात. बारावीच्या बोर्डात ‘सिद्ध करा’ असते, पण अनेकदा ते पाठ करून लिहिले जाते. इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी हा सौदा कदाचित परवडत असेल. गणित शिकायचे असेल तर तो महागात पडतो, कारण पदवीच्या पहिल्या सत्रापासून जे करायचे असते, तेच इथे वगळलेले असते.

मग तयारी कशी करावी?

पहिली गोष्ट, रोज एक प्रश्न पूर्ण लिहावा. फक्त उत्तर नाही, तर कारणांसह अख्खी सिद्धता. दुसऱ्या दिवशी तीच परक्या माणसाच्या नजरेने वाचावी. ‘हे उघड आहे’ असे जिथे लिहिले असेल, तिथेच बहुधा भोक असते.

दुसरी, एका प्रश्नावर अर्धा-पाऊण तास अडकून राहायची तयारी हवी. लगेच उत्तरसूची किंवा व्हिडिओ उघडला, की सराव उत्तर वाचण्याचा होतो, उत्तर शोधण्याचा नाही.

तिसरी, जेईईच्या तयारीत कमी वेळ मिळणाऱ्या अंकसिद्धांत, असमानता, बहुपदी आणि मोजणीच्या युक्त्या या भागांकडे वेगळे लक्ष द्यावे. सीएमआयच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. आयएसआयच्या तयारीसाठी ‘टेस्ट ऑफ मॅथेमॅटिक्स अ‍ॅट द टेन प्लस टू लेव्हल’ हे पुस्तक वर्षानुवर्षे वापरले जाते. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था ऑलिम्पियाडचे मार्गदर्शन करते. ऑलिम्पियाडची तयारी या परीक्षांना थेट उपयोगी पडते.

यासाठी जेईई सोडावी लागत नाही. कॅल्क्युलस आणि बीजगणित दोन्हीकडे लागतेच. मात्र आठवड्यातले काही तास वेगळ्या पद्धतीच्या अभ्यासाला द्यावे लागतात, आणि तेही अकरावीपासून. बारावीच्या एप्रिलमध्ये जाग आली तर फार उशीर झालेला असतो. तोवर अर्जाची मुदतही उलटून गेलेली असू शकते. तारखा आणि परीक्षेचा आराखडा दरवर्षी माहितीपत्रकात तपासावा.

नाही जमले तर?

जागा मोजक्या आहेत, हे आधीच मान्य केलेले बरे. पण दारे एवढीच नाहीत. पुण्यात आयसर आहे. ‘नेस्ट’ परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसरमध्ये आणि मुंबईच्या यूएम-डीएई सीईबीएसमध्ये प्रवेश मिळतो. चांगल्या महाविद्यालयातली साधी बी.एस्सी.सुद्धा रस्ता बंद करत नाही.

‘गणित घेऊन पुढे काय, शिक्षकच ना?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. शिक्षक होण्यात कमीपणा नाही, पण उत्तर तेवढेच नाही. संशोधन, विमा, वित्त, डेटा सायन्स, सांकेतिक सुरक्षा या सगळ्या क्षेत्रांत गणिताचे पदवीधर काम करतात. आयएसआयने तर अनेक वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेता त्यांना विद्यावेतन दिले आहे. खर्चाच्या भीतीने हा पर्याय खोडण्याआधी पालकांनी एवढे तरी पाहावे.

आणि प्रवेश मिळाला नाही तरी १५ मिनिटे एका प्रश्नावर टिकून राहण्याची सवय वाया जात नाही. ती लागायला वेळ लागतो, म्हणूनच सुरुवात अकरावीत हवी. त्यासाठी पहिला खर्चही फार नाही : माळ्यावरची भूमितीची वही खाली काढायची.