पहिला मान कोणत्या आकाशरेषेला?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली, की आई-वडिलांची एक तरी फेरी तिकडे होतेच. परतल्यावर फोटो दाखवले जातात आणि त्यांत एक फोटो हमखास असतो : समोर पाणी आणि मागे आभाळात घुसलेल्या इमारतींची रांग. शहराच्या या आकृतीला तिकडे ‘स्कायलाइन’ म्हणतात. आपण तिला आकाशरेषा म्हणू या.

कोणत्या शहराची आकाशरेषा सर्वांत देखणी, हा अमेरिकन माणसाचा आवडता वाद आहे. नुसती उंची मोजायची तर तो दोन मिनिटांत मिटेल आणि न्यूयॉर्क जिंकेल. पण उंच माणूस देखणा असतोच असे नाही. म्हणून आम्ही चार कसोट्या लावल्या. नाव झाकले तरी शहर ओळखता यावे. ते पाहाण्यासाठी समोर मोकळी जागा असावी. इमारतींतून शहराचा इतिहास कळावा. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, खिशात तिकिटाचे पैसे नसलेल्यालाही तो देखावा पाहाता यावा.

राजधानी वॉशिंग्टन या स्पर्धेत उतरतच नाही. १९१० च्या कायद्याने तेथील इमारतींच्या उंचीला लगाम घातला आहे. उरलेल्यांतील आमचे पहिले पाच असे :

पाचवा क्रमांक : फिलाडेल्फिया

येथील सिटी हॉलच्या माथ्यावर शहराचे संस्थापक विल्यम पेन यांचा पुतळा आहे. पेनसाहेबांच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचे नाही, असा अलिखित संकेत शहराने कित्येक दशके पाळला. १९८७ मध्ये ९४५ फुटांच्या ‘वन लिबर्टी प्लेस’ने तो मोडला. त्यानंतर शहराचे नावाजलेले संघ एकही मोठे विजेतेपद मिळवेनात, तेव्हा लोक म्हणू लागले, पेनसाहेबांचा शाप लागला! अखेर २००७ मध्ये नव्या, सर्वांत उंच इमारतीच्या शेंड्यावर कामगारांनी पेन यांची चिमुकली मूर्ती बसवली आणि २००८ मध्ये बेसबॉलचे अजिंक्यपद शहरात आले. योगायोग म्हणा किंवा श्रद्धा म्हणा, अशी गोष्ट दुसऱ्या शहराकडे नाही.

चौथा क्रमांक : सॅन फ्रान्सिस्को

येथे अर्धे काम टेकड्यांनी आणि उरलेले धुक्याने केले आहे. १९७२ चा ८५३ फुटी ट्रान्सअमेरिका पिरॅमिड वर निमुळता होत जातो, त्यामुळे खालच्या रस्त्यावर उजेड पोहोचतो. सुरुवातीला या विचित्र आकाराला कडाडून विरोध झाला. आज तोच शहराची ओळख आहे. २०१८ मध्ये खुल्या झालेल्या १,०७० फुटी सेल्सफोर्स टॉवरने उंचीत त्याला मागे टाकले, पण लोकांच्या मनातले स्थान काही त्याला मिळाले नाही. ट्विन पीक्सच्या टेकडीवरून शहर आणि उपसागर एका नजरेत मावतात.

तिसरा क्रमांक : पिट्सबर्ग

हे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पण विमानतळाकडून मोटारीने निघा. डोंगरातला फोर्ट पिट बोगदा संपतो आणि क्षणात, कोणी पडदा ओढावा तसे, पूल, नद्या आणि इमारती समोर उभ्या राहातात. अलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्यांचा येथे संगम होतो आणि पुढे त्या ओहायो या नावाने वाहातात. शहराने जे पिकवले त्याचीच घरे बांधली : पोलादाच्या कंपनीची ६४ मजली इमारत पोलादाची, ॲल्युमिनियमच्या कंपनीची ॲल्युमिनियमने मढवलेली आणि काचेच्या कंपनीची काचेची. पोलादी इमारतीवर मुद्दाम गंजाचा थर चढू दिला आहे. तो थरच आतल्या पोलादाचे रक्षण करतो. पिट्सबर्गजवळच्या व्यंकटेश्वर मंदिरात जाणाऱ्या भारतीय कुटुंबांनी वाट वाकडी करून हा देखावा जरूर पाहावा.

दुसरा क्रमांक : न्यूयॉर्क

न्यूयॉर्क दुसरे? होय, आणि त्याचे कारण आहे. या शहराचा थाट निर्विवाद आहे. १९३० ची क्रायस्लर इमारत १,०४६ फुटांची आणि १९३१ ची एम्पायर स्टेट १,२५० फुटांची. या पिढीतील इमारती वर जाताना पायऱ्या-पायऱ्यांनी आत सरकतात. ती निव्वळ कलाकुसर नव्हे. उंच इमारतींनी रस्ते अंधारू लागले, तेव्हा १९१६ च्या नियमाने तसे करणे भाग पाडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळले आणि आकाशरेषेत भगदाड पडले. २०१४ मध्ये तेथे १,७७६ फुटांचा नवा मनोरा खुला झाला. हा आकडा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचे वर्ष सांगतो.

पण अलीकडे सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला सुयांसारखे मनोरे उगवले आहेत. त्यांतला एक तर १,५५० फुटांचा. शेजारच्या इमारतींचे न वापरलेले बांधकाम-हक्क विकत घेऊन उंची वाढवली जाते. मुंबईकरांना टीडीआरमुळे हा प्रकार नवा वाटणार नाही. देखावा मोजक्या धनिकांना आणि सावली बागेत खेळणाऱ्या मुलांना, अशी ही वाटणी. चौथ्या कसोटीवर न्यूयॉर्कचे गुण येथे कापले गेले. तरीही स्टेटन आयलंडची फेरीबोट फुकट आहे, हे लक्षात ठेवा.

पहिला क्रमांक : शिकागो

१८७१ च्या आगीत हे शहर जळून खाक झाले आणि त्या राखेतून नवी बांधकामशैली जन्मली. १८८५ मध्ये लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. पुढे ढाक्यात जन्मलेले अभियंता फझलूर रहमान खान येथे आले. १०० मजली हॅनकॉक सेंटरवर बाहेरून दिसणारे तिरपे फुलीदार आधार त्यांच्याच कल्पनेतले. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधाव्यात तशी १,४५० फुटी सीअर्स टॉवरची रचनाही त्यांचीच. आज विलिस टॉवर म्हणून ओळखली जाणारी ही इमारत १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होती.

परंतु शिकागो जिंकते ते मोकळ्या जागेमुळे. मिशिगन सरोवराचा काठ बांधकामाविना राहावा, अशी नोंद १८३६ च्या नकाशातच होती. तेथे इमारती घुसवण्याचे बेत सुरू झाले, तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८९० पासून सुमारे वीस वर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. गावाने त्याला शिव्या दिल्या; खटले मात्र त्याने जिंकले. त्याने मान्य केलेला एक अपवाद म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट. १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. आजही सरोवराकाठच्या बागेत कोणीही बसावे आणि पैसा न देता अख्खे शहर पाहावे.

जाणार असाल, तर एक सूचना. मनोऱ्याच्या गच्चीवर जाण्यासाठी घाई करू नका. एम्पायर स्टेटवर चढलात, की तीच इमारत चित्रातून गायब होते! सूर्य मावळण्यापूर्वी तासभर आधी पाण्याच्या पलीकडे जाऊन बसा. दिवे लागेपर्यंत उठू नका. आणि आमची क्रमवारी पटली नाही, तर तुमची तयार करा. फक्त चौथी कसोटी गाळू नका.