गाव करी ते राव न करी?

ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत पैशाविरुद्ध लिहायला बसणे हा करंटेपणा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! माझे भांडण लक्ष्मीशी नाही. ती कोणत्या दाराने आली आणि आल्यावर घरात कोणाचे चालू लागले, एवढेच मला विचारायचे आहे. त्यासाठी वाचकांनी माझ्याबरोबर साता समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात यावे.

टेक्सास हे झपाट्याने वाढणारे राज्य. २०१० ते २०२० या दहा वर्षांत तिथली वस्ती अडीच कोटींवरून दोन कोटी नव्वद लाखांवर गेली. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत आपली मराठी मंडळीही चकल्या-करंज्यांसह नांदत आहेत. राज्य जुन्या वळणाचे. १९९४ नंतर रिपब्लिकन पक्षाखेरीज कोणीही तिथे राज्यव्यापी निवडणूक जिंकलेली नाही. बाहेरच्यांनी, विशेषतः वॉशिंग्टनवाल्यांनी, आम्हांला शहाणपण शिकवू नये, हे तिथल्या पुढाऱ्यांचे आवडते पालुपद. मोठे बाणेदार बोल! पण बाहेरचा माणूस थैली घेऊन आला की हा बाणेदारपणा कुठे जातो?

गोष्ट शाळांची आहे. खासगी शाळांच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा द्यावा, असा गव्हर्नर ग्रेग ॲबट यांचा आग्रह. नोव्हेंबर २०२३ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ८४ विरुद्ध ६३ मतांनी ती योजना विधेयकातून काढून टाकली. काढणाऱ्यांत गव्हर्नरांच्याच पक्षाचे २१ सभासद होते. त्यांतले बरेच खेड्यापाड्यांचे प्रतिनिधी. तिकडे अनेक ठिकाणी खासगी शाळा औषधालाही सापडत नाही. सरकारी शाळेवरच गावातली कितीतरी घरे चालतात, आणि शुक्रवारी रात्री तिच्या पोरांचा फुटबॉल पाहायला सारा गाव लोटतो. या सभासदांनी आपल्या गावाचे ऐकले, एवढाच त्यांचा अपराध!

पुढच्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातले अब्जाधीश जेफ यास यांनी गव्हर्नरांच्या प्रचारनिधीला ६० लाख डॉलर दिले. राज्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी एकरकमी देणगी, असे खुद्द प्रचारकचेरीनेच मिरवून सांगितले. अशा देणगीला तिथल्या कायद्यात मर्यादाच नाही. आणि त्या सभागृहातल्या सभासदाचा पगार किती? महिना ६०० डॉलर!

२०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नर स्वतः आपल्याच पक्षाच्या या सभासदांविरुद्ध उतरले. बाहेरच्या संस्थांनीही पैसा ओतला. गंमत अशी की, मूळ तंटा शाळेचा असताना जाहिरातींत गाजावाजा होता तो बराचसा मेक्सिकोच्या सीमेचा. कोणी आधीच निवृत्ती पत्करली, कित्येक पडले. एप्रिल २०२५ मध्ये योजना पुन्हा मतास आली तेव्हा विरोध करणारे रिपब्लिकन उरले अवघे दोन. ३ मे रोजी गव्हर्नरांची सही झाली आणि १०० कोटी डॉलरची योजना कायदा बनली.

आता कोणी म्हणेल, मते तर टेक्सासच्याच लोकांनी दिली ना? दिली. पण निवडणूक कोणत्या प्रश्नावर लढायची आणि कोणाला उभे राहणे जड करायचे, हे ठरले मतपेटी उघडण्याच्या कितीतरी आधी. दुसरा म्हणेल, योजना चांगली असेल. असेलही! तिथल्या आईबापांनी आपसांत भांडून ती पसंत केली असती, तर माझी तक्रार नव्हती. तिसरा म्हणेल, डेमॉक्रॅट काय धुतल्या तांदळासारखे आहेत? मुळीच नाहीत. २०१८ साली सेनेटसाठी उभ्या राहिलेल्या त्यांच्या बेटो ओ'रूर्क यांच्याकडेही देशभरातून डॉलर वाहत आले होते. वाईट चाल दोघांनी चालली म्हणून ती चांगली ठरत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत चतुर: टेक्सास भरले आहे तेच मुळी बाहेरच्यांनी, मग बाहेरच्या पैशाचाच विटाळ का? वाचकहो, इथेच खरी मेख आहे. बाहेरून आलेला माणूस तिथे राहतो. कर भरतो, मुले तिथल्याच शाळेत घालतो. कायदा चुकला तर त्याचे चटके त्यालाही बसतात. पैसा येतो आणि काम करून जातो. गावची शाळा ओस पडली तरी पेनसिल्व्हेनियातल्या घरात त्याचा आवाज पोचत नाही. सोसायचे एकाने आणि ठरवायचे दुसऱ्याने, याला लोकशाही म्हणायचे?

आपणही फार नाक वर करू नये. २०१८ पासून आपल्याकडे निवडणूक रोखे चालले. देणाऱ्याचे नावही मतदाराला कळत नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे नावे उजेडात आली. टेक्सासात निदान त्या ६० लाखांना नाव होते!

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत आले. टेक्सासच्या गावांनी जे केले ते एका रावाने दीड वर्षात पुसून टाकले. म्हणून देणगीला मर्यादा हवी, देणाऱ्याचे नाव मतदानाआधी चव्हाट्यावर हवे. आणि आपल्या दारी मत मागायला येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: बाबा रे, तुझ्या दिव्यात तेल कोणाचे आहे?