दारापूरचे दादासाहेब

आमच्या नातवाला शाळेत जॉर्ज वॉशिंग्टनचा निबंध लिहायला सांगितला होता. कुऱ्हाड, चेरीचे झाड आणि खरे बोलणारा मुलगा! ती गोष्ट नंतरच्या एका चरित्रकाराने रचलेली आहे, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो हिरमुसला. मग आम्ही विचारले, "दारापूर कुठे आहे रे?" त्याला ठाऊक नव्हते. अमरावतीत राहणाऱ्या पोराला अमेरिकेचा पहिला अध्यक्ष ठाऊक आणि जवळच दर्यापूर तालुक्यातले दारापूर ठाऊक नाही! त्याला जे सांगितले तेच वाचकहो, इथे देतो.

रामकृष्ण सूर्यभान गवई यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ रोजी दारापूरला झाला. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. १९६४ साली ते विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत तिथे राहिले. तीस वर्षे! १९६८ पासून दहा वर्षे ते उपसभापती होते. तेव्हा सभापतीच्या खुर्चीवर रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे होते. त्यांच्यानंतर १९७८ मध्ये त्याच खुर्चीवर दादासाहेब बसले, ते १९८२ पर्यंत. पुढे विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळले.

यावर आमच्याच लोकांनी कमी टीका केली नाही. काँग्रेसशी समझोता करून मागच्या दाराने सभागृहात जाणारे पुढारी, असे म्हटले गेले. रिपब्लिकन पक्षाची शकले झाली, त्यातल्या एकाला 'गवई गट' असे नावच पडले. ही टीका सगळी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला बाबासाहेबांच्या स्वप्नातला पक्ष गटागटांत वाटला गेला, त्याचा हिशेब सगळ्याच नेत्यांना द्यावा लागेल, दादासाहेबांनाही. पण सभापतीच्या खुर्चीवर दारापूरचा माणूस बसलेला पाहून म्हाताऱ्या आयाबायांना काय वाटले असेल, तेही त्याच हिशेबात मांडा.

मागच्या दाराचे उत्तर १९९८ साली मिळाले. गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि लोकसभेवर रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून दादासाहेब गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ खुले होते. राखीव नव्हे, खुले! दादासाहेबांनी शिवसेनेच्या अनंत गुढे यांना हरवले. अकोला आणि अमरावती, वऱ्हाडातले शेजारी जिल्हे, दोन्हीकडे निळा झेंडा.

१७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले. ज्या सभागृहात एका मताने सरकार जाते, तिथे आपल्या चार खासदारांची किंमत काय होती, हे आपल्याला कळले होते का? त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली तेव्हा एकी मोडली होती. अकोला राहिले, आठवले पंढरपूरहून आले. अमरावती आणि चिमूर गेले. अमरावतीत गुढेच पुन्हा निवडून आले. पुढच्याच निवडणुकीत चाराचे दोन झाले.

दादासाहेब २००० ते २००६ राज्यसभेत होते. मग बिहारचे आणि २००८ पासून २०११ पर्यंत केरळचे राज्यपाल झाले. केरळात २००९ साली लावलीन प्रकरणी पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवायला त्यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून परवानगी दिली, त्यावरून मोठे वादळ उठले. आयुष्यभर समझोत्याचा पुढारी म्हणून हिणवलेल्या माणसाने उतारवयात हे करावे, याची आम्हाला गंमत वाटते. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्मारकासाठीही त्यांनी वर्षानुवर्षे धुरा वाहिली. २५ जुलै २०१५ रोजी नागपूरला त्यांचे निधन झाले.

नातू म्हणाला, "आजोबा, त्यांचा मुलगा तर सरन्यायाधीश झाला ना?" हो बाळा. भूषण गवई १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला निवृत्त झाले. त्या पदावरचे ते पहिले बौद्ध. शिकले कुठे, तर अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत.

"म्हणजे कॉन्व्हेंट नाही?" पोराने विचारले आणि आपल्या आईकडे पाहिले. सूनबाई हसल्या. निबंध मात्र वॉशिंग्टनवरच लिहावा लागला, बाईंनी तोच सांगितला होता. चेरीचे झाड तेवढे गाळले आहे.