श्वासाचा व्यायाम कळंबलाच मिळाला पाहिजे

ऊसतोडीला गेलेला मजूर भरल्या ट्रॉलीवरून पडतो. विहिरीच्या कामावरचा गडी खाली कोसळतो. मानेचा मणका मोडतो. हातपाय गेले हे साऱ्या गावाला दिसते. पण श्वासाचे बळही गेले, हे घरच्यांना कोणी समजावून सांगत नाही.

श्वासपटल मानेतून निघणाऱ्या तिसऱ्या ते पाचव्या नसांवर चालते. बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू त्याखालच्या नसांवर चालतात. मार या दोहोंच्या मध्ये बसला, तर माणूस श्वास घेतो, पण जोराने खोकू शकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे.

उरलेल्या स्नायूंना मात्र कमावता येते. तोंडात धरायच्या छोट्या उपकरणातून अडथळ्याविरुद्ध श्वास ओढायचा आणि ताकद वाढेल तसा अडथळा वाढवायचा. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ११ अभ्यास आणि २१२ रुग्ण तपासले गेले. या व्यायामाने श्वासाच्या स्नायूंची ताकद वाढते, असे त्यात आढळले. तुटलेला मज्जारज्जू त्याने जुळत नाही, हेही खरे. या व्यायामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. रुग्णाला तपासून शिकवणारा आणि खोकताना पोटावर दाब कसा द्यावा हे घरच्यांना दाखवणारा फिजिओथेरपिस्ट लागतो.

मग घोडे अडते कुठे? जखमी सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, आणि ते असायलाच हवे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पण खाटेला खिळलेला कळंबचा भूमिहीन मजूर तिथवर कोणाच्या खांद्यावर जाणार?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम २५ सांगते की, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, जवळपासच मोफत आरोग्यसेवा मिळावी. कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते. मात्र तिथे 'आर्थिक क्षमतेनुसार' अशी पळवाट आहे. ही पळवाट पुढे केली जाईल, म्हणून आम्ही १९९६ च्या निकालाची आठवण देतो. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या सरकारी इस्पितळांनी दाखल करून घेतले नव्हते. त्याच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की उपचार मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पैशाची अडचण सांगून शासनाला हात झटकता येणार नाहीत. तो निकाल तातडीच्या उपचारांपुरता होता. पण जीव वाचवून घरी पाठवलेला माणूस पुढे कफाने गुदमरून मरत असेल, तर त्या हक्काला अर्थ काय उरला?

आमची मागणी एवढीच : कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस या रुग्णांसाठी ठेवा, उपकरण मोफत द्या आणि घरच्यांना शिकवा. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विनंती विरून जाते, कागद बोलतो.