हरित रोखे आणि सामान्य ठेवीदार

पर्यावरणरक्षणासाठी सामान्य माणसाने आपली बचत हरित रोख्यांत गुंतवावी, असा उपदेश अलीकडे वारंवार ऐकू येतो. सौरऊर्जा किंवा सांडपाण्याचे शुद्धीकरण अशा कामांसाठीच उभारलेले कर्ज, एवढाच या रोख्यांचा अर्थ. तथापि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाने किंवा लहान दुकानदाराने ते का घ्यावेत, याचा विचार उपदेशकांनी फारसा केलेला दिसत नाही.

पहिला प्रश्न अर्थातच व्याजाचा. ब्रिटनच्या सरकारी बचतसंस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन वर्षांचे हरित रोखे ०.६५ टक्के व्याजाने विक्रीस काढले. दरावर टीका झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो १.३ टक्के करावा लागला. त्या काळात सर्वच व्याजदर चढत होते, हे खरे. परंतु नुसत्या हिरव्या नावासाठी ठेवीदार व्याजावर पाणी सोडत नाही, हेही त्यातून दिसले. यात त्याचा स्वार्थ पाहणे अन्यायाचे होईल. महागाईशी झुंजणाऱ्याने त्यागही करावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले हरित रोखे काढले. दहा वर्षांच्या रोख्यांवर ७.२९ टक्के व्याज ठरले. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ मधील योजनेमुळे दहा हजार रुपयांतही व्यक्तीला असे रोखे घेता येतात. पण पैसा जमा होतो तो संचित निधीत. खर्चाचा अहवाल निघतो, तो सामान्य ठेवीदाराच्या हाती क्वचितच पडतो. आपल्या दहा हजारांतून नेमके काय उभे राहिले, हे त्याला कळणार कसे?

याउलट इंदूरचे उदाहरण पाहावे. तेथील महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे थेट जनतेपुढे ठेवले. काम नेमके सांगितले होते : नर्मदेचे पाणी शहरात आणणाऱ्या पंपांच्या विजेसाठी जलूद येथे ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प. व्याज ८.२५ टक्के, त्या तिमाहीत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८ टक्के होता. किमान गुंतवणूक दहा हजारांची. मूळ १२२ कोटींच्या जवळजवळ सहापट मागणी आली. ती सारी व्यक्तींची नव्हती, हे मान्य. पण नागरिकाला दार उघडे होते आणि पैसा कोठे जाणार हेही ठाऊक होते.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेने जून २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले. उपक्रम स्वागतार्हच, मात्र विक्री खाजगी वाटपाच्या मार्गाने झाली. ज्यांच्या रस्त्यांवर हा पैसा खर्च व्हायचा, त्या करदात्यांना धनको होण्याची संधी मिळाली नाही.

म्हणून यापुढे राज्यातील महापालिकांनी अशा रोख्यांचा काही हिस्सा जनतेसाठी राखून ठेवावा, व्याज बाजारभावाने द्यावे, मुदतीपूर्वी रोखे विकण्याची सोय करावी आणि दरवर्षी खर्चाचा व कामाचा हिशेब मराठीत प्रसिद्ध करावा. सामान्य माणसाला पर्यावरणाची चाड नाही, असे म्हणण्याचा अधिकार शासनाला हा हिशेब दिल्यानंतरच प्राप्त होईल.