पत्र आहे, पण सापडत नाही

मागच्या पावसाळ्यात एक बाई आमच्या सल्ला केंद्रावर आल्या. २०१३ साली सासरच्या मारहाणीबद्दल त्या पहिल्यांदा आल्या होत्या. तेव्हा तालुक्याच्या कार्यकर्तीने त्यांची हकीगत आम्हा सगळ्या गटांना ई-मेलने कळवली होती. आता पोटगीच्या दाव्यात, छळ आजचा नाही हे दाखवायला, वकीलबाईंना तेच पत्र हवे होते. मी तेव्हा कामात नवीन होते, त्यामुळे पत्र पक्के आठवत होते. गटांची सगळी पत्रे वेबवर एका ठिकाणी साठवलेली आहेत. तरी ते सापडायला मला तीन दिवस लागले.

बाईंनी सांगितले ते नाव माहेरचे. पत्रातले नाव सासरचे, आणि पहिले नावही लग्नात बदललेले. आपल्याकडे बाईचे पहिले, मधले आणि शेवटचे अशी तिन्ही नावे लग्नात बदलू शकतात आणि घर सुटले की पुन्हा बदलतात. पुरुषाचे कागद जन्मभर एकाच नावाखाली सापडतात. नावावर चालणाऱ्या यादीत बाई हरवणारच.

मग मी शब्दावरून शोधले. 'हुंडा' लिहिले, तर हे पत्र आलेच नाही, कारण त्यात 'हुंड्यासाठी' असे होते. 'नवरा' शोधावा तर 'नवऱ्याने' मिळत नाही. 'सून' शोधावी तर 'सुनेला' मिळत नाही. आपण कुठे विभक्तीशिवाय बोलतो? नुसते 'हुंड' टाकले की दोन्ही रूपे येतात, ही युक्ती मला तिसऱ्या दिवशी सुचली. वकिलांच्या नावामागच्या 'ॲड.'ने तर रडवले. त्यातले पहिले अक्षर संगणकावर सबंध एकच अक्षर म्हणून लिहिता येते, नाहीतर 'अ'वर चंद्र काढून. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली निवेदने तर त्याला इंग्रजी अक्षरांची रांगोळीच वाटते.

आणि विषय? त्या पत्राचा विषय होता 'महिला दिन कार्यक्रम'! कुणाच्या तरी मार्चमधल्या पत्राला उत्तर म्हणून ते लिहिले गेले होते. ही खोड आपणा सगळ्यांची, माझीसुद्धा.

सापडल्यावर मी पत्राचा वेबवरचा पत्ता वकीलबाईंना पाठवला. दोन दिवसांनी त्यांनी तो उघडला तर भलतेच पत्र. मध्ये कुठलेतरी एक पत्र वगळून साठा नव्याने रचला होता, आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकले होते. वास्तविक प्रत्येक ई-मेलला, एरवी न दिसणारा, स्वतःचा संदेश-क्रमांक असतो आणि तो पत्राबरोबरच राहतो. पत्ता त्यावरून ठरवला तर असे होत नाही. साठा सांभाळणारा मुलगा म्हणतो की हे जमेल. सारखी दिसणारी अक्षरे एक धरणे, शब्दाची रूपे ओळखणे, साल आणि तालुका यांची चाळणी लावणे, हेही जमेल. मग करू या. पैसे लागतील. शिबिराच्या मांडवाला आपण पैसे उभे करतोच ना?

पण मैत्रिणींनो, यापुढे माझे काही जणींशी पटत नाही. त्या म्हणतात, साठा सगळ्यांना खुला करा, आपले काम जगाला दिसू दे. मला हे धोक्याचे वाटते. जो शोध मला तीन दिवसांऐवजी तीन मिनिटांत बाईपर्यंत नेईल, तोच तिच्या नवऱ्यालाही नेईल. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. आधी दंड संहितेचे कलम २२८-अ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम ७२ आहे. घरात मार खाणाऱ्या बाईची काळजी मात्र आपणच घ्यायची आहे. म्हणून शोध चांगला हवा आणि दार बंद हवे. पत्रात नाव नको. प्रकरणाचा क्रमांक, तालुका आणि कशाबद्दल ते हवे. क्रमांकापुढे माहेरचे आणि सासरचे दोन्ही नाव लिहिलेली वही कुलपात हवी.

आमच्या एक ज्येष्ठ ताई यावर चिडल्या. "बाईला नंबर लावायला आपण काय तुरुंग चालवतो का?" त्यांचे म्हणणे मला पुरते खोडता आलेले नाही. पण पत्राची छापील प्रत हातात घेतल्यावर त्या बाई आधी नावापाशीच अडखळल्या. "हे नाव मी टाकलंय," म्हणाल्या. तेव्हा कोणत्या नावाने आपली नोंद असावी, हे पहिल्याच भेटीत बाईला विचारायचे, एवढे तरी ताईंनी आणि मी मिळून ठरवले. वही कुणाच्या ताब्यात असावी, यावर अजून भांडण आहे.

जुन्या पत्रांना नीट विषय द्यायला आम्ही चौघी दर रविवारी दोन तास बसतो. सध्या २०११ सालावर आहोत. ज्यांच्याकडे त्या सालातली मूळ पत्रे असतील, त्यांनी जरूर कळवावे.